परत फिरायची जागा कुठे लिहिली आहे?

आकाशवाट : वाचकांचे प्रश्न, नाशिकहून उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत पिंपळगाव बसवंतच्या एका वडिलांचं पत्र होतं. त्याचं उत्तर लांबलं, म्हणून बाकीच्यांना थोडक्यात लिहिते आहे. नवीन वाचकांसाठी इतकंच, की मी एकतीस वर्षं विमान वाहतूक नियंत्रक म्हणून टॉवरमध्ये आणि फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा लेखी आराखडा, घेणाऱ्या टेबलावर काम केलं. निवृत्तीनंतर गंगापूर रोडला राहते.

प्रश्न : ताई, मी द्राक्ष बागायतदार. मुलगा धुळ्याला विमान शिकला, कमर्शियल लायसन्स मिळालं, आता नोकरीची वाट बघतोय. त्याच्या मित्राच्या मामांचं सेसना १७२ आहे, चार आसनांचं. दोघं म्हणतात, ते घेऊन श्रीलंकेत जाफन्याला जाऊन येतो. दोघांचे मिळून साडेचारशे तास झालेत. घरातून नको म्हणतात. मला त्याला अडवायचं नाही, पण डोळे झाकून हो पण म्हणायचं नाही. विमानातलं मला कळत नाही. त्याला नेमकं विचारू काय?
— एक वडील, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाला समोर बसवा, नकाशा पसरायला सांगा आणि पहिलाच प्रश्न विचारा : "परत फिरायचं कुठून, ते कागदावर कुठे लिहिलंय?" किती वाजता पोचणार, कुठे राहणार, हे नंतर. या एका प्रश्नाला त्याने बोट ठेवून उत्तर दिलं, तर अर्ध्याहून जास्त तयारी झाली असं समजा. "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणाला, तर अजून महिनाभर कागदावर बसू द्या.

असं का म्हणते ते सांगते. समोर काळा ढग दिसला, टाकीचा काटा अपेक्षेपेक्षा खाली दिसला, की विमानातला माणूस हिशेब करत नाही, आशा करतो. आणखी दहा मिनिटं जाऊन पाहू, पुढे मोकळं असेल. मी रेडिओवर हे आवाज ऐकलेत. हुशार, अनुभवी माणसांचे आवाज होते ते. परत फिरायची जागा आणि वेळ घरी, चहा पिताना, डोकं थंड असताना ठरवलेली असली की विमानात फक्त ती पाळायची उरते.

आता तुमच्या पोरांचा रस्ता बघू. ओझरच्या विमानतळापासून तमिळनाडूतल्या तिरुचीपर्यंत (तिरुचिरापल्ली) सरळ रेषेत सव्वासहाशे नॉटिकल मैल होतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि पुढे मी नुसतं मैल म्हणते ते हेच. हा सगळा देशातलाच प्रवास, तो दोन-तीन टप्प्यांत करावा. ओझर ते कलबुर्गी २४० मैल, तिथून सेलम ३४०, सेलमहून तिरुची जेमतेम ७०. हे विमान ताशी ११० मैलांनी जातं असं धरलं तर पहिला टप्पा सव्वादोन तासांचा, दुसरा तीन तासांच्या वर. एका दिवसात हे सगळं उरकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सेलमला किंवा तिरुचीला मुक्काम करावा. तीन तास छोट्या विमानात बसून उतरलेला माणूस उत्साहात असतो, आणि आपण थकलोय हे त्याला स्वतःला कळत नाही.

तिरुची आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथे होतं, म्हणून देश तिथून सोडायचा. तिथून जाफना साधारण १०० मैल, म्हणजे तासाभराची वाट. त्यातली बरीचशी तमिळनाडूच्या भातशेतीवरून जाते. कोडियाकरईच्या टोकाला जमीन संपते आणि पुढे पाल्कची सामुद्रधुनी लागते. त्या टोकापासून जाफन्याच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ३० मैल पाणी आहे.

या तीस मैलांवर मुलाशी एक संध्याकाळ बोला. सेसना १७२ चं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडत नाही. दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड मैल पुढे सरकत खाली येतं. आग्नेयेकडे जाणाऱ्या विमानाला दृश्य नियमांप्रमाणे, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडण्याच्या नियमांप्रमाणे, ५,५००, ७,५०० किंवा ९,५०० फूट अशी उंची घ्यावी लागते. पाच हजार पाचशेवरून गेले, तर कुठल्याही किनाऱ्यापासून सव्वाआठ मैलांपर्यंतच हात पोचतो, म्हणजे मधले तेरा-चौदा मैल असे की इंजिन थांबलं तर पाण्यातच उतरायचं. नऊ हजार पाचशेवरून गेले, तर दोन्ही बाजूंनी सव्वाचौदा मैल पोचतात आणि मध्ये दीड मैल उरतो. वारा नसेल तर तो एका मिनिटात ओलांडला जातो. तेच विमान, तेच इंजिन. साडेसात मिनिटांचा धोका एका मिनिटावर येतो, तो केवळ किनारा सोडण्याआधी वर चढून घेतल्यामुळे. मुलगा म्हणेल की चढायला वेळ आणि इंधन लागतं. लागू दे.

आता परत फिरायची जागा. लोक समजतात की ती बरोबर मध्यावर असते. वारा नसेल तरच तसं. समजा समोरून २० नॉटचा, म्हणजे ताशी २० नॉटिकल मैलांचा, वारा आहे. जाताना वेग ९०, मागे फिरलं तर १३०. अशा वेळी पुढचा किनारा आणि मागचा किनारा सारख्याच मिनिटांवर येतो तो बिंदू पाण्यात शिरल्यापासून पंधराव्या नाही, जवळजवळ अठराव्या मैलावर असतो. सोळाव्या मैलावर काही बिघडलं, तर नकाशावर जाफना जवळ दिसतं, पण घड्याळाने भारत जवळ असतो. हा बिंदू त्या दिवशीच्या वाऱ्यावर काढायचा, पेन्सिलीने नकाशावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी घड्याळाची वेळ लिहायची. तुमच्या मुलाला हे गणित नक्की येतं. परीक्षेत सोडवलंय त्याने. नकाशावर ती रेघ मारलीय का, एवढंच तुम्ही पाहा.

इंधनाचं तुम्हाला पटकन कळेल. या विमानाला ॲव्हगॅस लागतं, म्हणजे विमानाचं पेट्रोल. मोठी विमानं एटीएफवर चालतात, ते रॉकेलच्या जातीचं, आणि विमानतळांवर सर्रास मिळतं ते तेच. ॲव्हगॅस सगळीकडे मिळत नाही. जिथे फ्लाइंग स्कूल आहेत तिथे मिळण्याची शक्यता असते. म्हणून मी कलबुर्गी आणि सेलमची नावं घेतली, दोन्हीकडे शाळांना जागा दिलेल्या आहेत. पण शक्यतेवर निघायचं नाही. प्रत्येक ठिकाणी फोन करून, किती लिटर, कोणत्या दिवशी, पैसे कसे, हे पक्कं करून लेखी घ्यायचं. चुकून एटीएफ भरलं गेलं तर हे इंजिन उड्डाणानंतर थोड्याच वेळात बंद पडतं. म्हणून भरताना स्वतः उभं राहायचं आणि तळाच्या नळीतून पारदर्शक बाटलीत काढून पाहायचं. ॲव्हगॅस फिकट निळं दिसतं.

जाफन्यात ॲव्हगॅस मिळेल हे गृहीतच धरू नये. इथे हिशेब पोरांच्या बाजूने आहे. टाकीत वापरता येणारं इंधन २०० लिटर, ताशी खर्च ३५ लिटरच्या आसपास. तिरुची-जाफना-तिरुची मिळून दोनशे मैल, म्हणजे दोन तास, सत्तर लिटर. त्यावर चढण्याचे आणि धावपट्टीवर ताटकळण्याचे पंधरा-वीस. त्यावर पूर्ण एका तासाची राखीव शिल्लक, पस्तीस. दिवसाच्या उड्डाणाला नियमाने तीस मिनिटांची शिल्लक पुरते, पण मी टेबलावर असताना पाण्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तासाची ठेवायला सांगायचे. सगळं धरून सव्वाशे लिटर. म्हणजे तिरुचीला टाकी भरून निघाले तर जाफन्यात थेंबही न घेता परत येता येतं. याचा एक फायदा फार मोठा आहे : जाफना अचानक बंद झालं, हवा बिघडली, परवानगी अडली, तर धावपट्टी दिसत असतानासुद्धा न उतरता मागे फिरता येईल. परतीचं इंधन नसलेल्या माणसाला परत फिरण्याचा निर्णय घेता येत नाही.

हवामानाचं थोडक्यात. आपला पाऊस सप्टेंबरअखेर आवरतो, पण त्या किनाऱ्याचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. म्हणून जानेवारीचा शेवट ते मार्च ही वेळ बरी. तुमच्या काढणीची धांदल नेमकी तेव्हाच असते, हे मला माहीत आहे. तरीही दिवाळीच्या सुट्टीत जातो म्हणाले तर ठाम नाही म्हणा. जानेवारीत आपल्याकडे गोदाकाठी आणि कादवेच्या खोऱ्यात सकाळी धुकं असतं. नऊ-दहा वाजेपर्यंत निघता आलं नाही, तर पुढचा सगळा दिवस मागे सरकतो. दृश्य नियमांचं उड्डाण सूर्यास्तानंतर चालत नाही. उशीर झाला तर पुढचा टप्पा दुसऱ्या दिवशी, हेही आधीच ठरलेलं असावं.

कागदपत्रांचं मी तुम्हाला काय सांगू! तुम्ही युरोपला द्राक्षं पाठवता, रेसिड्यूचा रिपोर्ट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट असल्याशिवाय कंटेनर हलत नाही हे तुम्हाला पाठ आहे. विमानाचंही तसंच. १९४४ च्या शिकागो कराराच्या २९ व्या कलमात देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक विमानात काय असलं पाहिजे याची यादी आहे : नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, चालकांची लायसन्स, जर्नी लॉगबुक म्हणजे प्रवासांची नोंदवही, रेडिओ असेल तर त्याचा परवाना, प्रवासी असतील तर नावांची यादी. मूळ प्रती हव्यात, मोबाइलमधला फोटो नको. विमाही पाहा. विमापत्रात भौगोलिक मर्यादा लिहिलेली असते, आणि बहुतेक वेळा ती भारतापुरतीच असते. ती वाढवून घेतली नसेल, तर पाल्कच्या मध्यावर गेलेलं विमान कागदावर विनाविम्याचं असतं. मामांना हे माहीत आहे का, तेही विचारा.

परवानग्यांना वेळ लागतो. इकडे डीजीसीए म्हणजे आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, तिकडे श्रीलंकेचं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण, जाफन्यात उतरवून घेणारा हँडलिंग एजंट, दोघांचे ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरण्याची ऑनलाइन परवानगी. विमान परत येणार आहे, विकायला नेलेलं नाही, हे कस्टम्सच्या कागदावर नोंदवून घ्यावं लागतं. आणि प्रत्येक उड्डाणाआधी एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी. तो नसलेलं विमान हवाई दलाच्या पडद्यावर अनोळखी ठिपका असतं. सीमेजवळ हा ठिपका होऊन फिरणं कुणाच्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

एक चूक मात्र फार वेळा पाहिली. फ्लाइट प्लॅनवर वेळ भारतीय लिहीत नाहीत, यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, लिहितात. सकाळचे नऊ म्हणजे ०३३०. भारत आणि श्रीलंका दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे नवखा माणूस हमखास ०९०० लिहून मोकळा होतो, आणि पलीकडचे लोक त्याची दुपारी अडीचला वाट बघतात. साडेपाच तास तो कुणाच्याच हिशेबात नसतो.

आता तुमचं काम. हो, तुमचंही काम आहे, आणि ते मी सगळ्यात महत्त्वाचं मानते.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. मोबाइल नव्हते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दोन आसनांचं विमान आमच्याकडून निघालं, एका छोट्या धावपट्टीकडे. तिथे टॉवर नव्हता. अशा ठिकाणी उतरल्यावर पायलटने स्वतः फोन करून "पोचलो" असं कळवायचं असतं. अपेक्षित वेळ पाच दहाची होती. पाच चाळीसला, नियमाप्रमाणे तीस मिनिटं उलटल्यावर, मी अनिश्चिततेचा टप्पा जाहीर केला आणि फोन सुरू केले. वाटेवरचे विमानतळ, पोलीस ठाणी, एक साखर कारखाना. कुणी पाहिलं नव्हतं. अंधार पडला. फॉर्मवर घरचा नंबर होता. तो फिरवला तर त्याच्या आईने उचलला. मी विचारलं, "ते घरी पोचले का?" त्या म्हणाल्या, "का? काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. सव्वाआठला त्याचा फोन आला. वेळेवर उतरला होता, जेवायला गेला होता, कळवायचं राहिलं. त्या माऊलीने वाट बघत काढलेला तो वेळ मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं की प्रत्येक छोट्या विमानामागे जमिनीवर एक माणूस हवा, ज्याला सगळं माहीत आहे आणि जो ठरल्या वेळी घड्याळाकडे बघतो.

तो माणूस तुम्ही व्हा. मुलाकडून एक पान लिहून घ्या. विमानाचं व्हीटीने सुरू होणारं नोंदणीचिन्ह, रंग, प्रत्येक टप्प्याची निघायची आणि पोचायची वेळ, टाकीत किती तासांचं इंधन, वाटेतल्या टॉवरचे फोन, चेन्नईच्या बचाव समन्वय केंद्राचा नंबर. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर तर तोंडपाठ असू द्या. उतरल्यावर त्याने टॉवरच्या आधी नाही, पण चहाच्या आधी तुम्हाला फोन करायचा. अर्ध्या तासात आला नाही, तर तुम्ही टॉवरला लावायचा. "उगाच त्रास कशाला द्यायचा" असा संकोच करायचा नाही. टेबलावर बसलेल्या माणसाला असा फोन हवाच असतो.

लाइफ जॅकेट तिरुचीला निघतानाच अंगावर घालायचं. आसनाखाली ठेवलेलं जॅकेट बुडत्या विमानात सापडत नाही. पाणी लागलं की आपोआप फुगणारं अजिबात नको, कारण ते आतच फुगलं तर माणूस छताला चिकटतो आणि दाराबाहेर पडू शकत नाही. दोरी ओढून फुगवायचं घ्या, आणि ती विमानाबाहेर आल्यावरच ओढायची. हे दोघांनी एकदा डोळे बांधून, विमान जमिनीवर उभं असताना करून पाहावं : पट्टा सोडणं, दार उघडणं, बाहेर पडणं. तुम्ही त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहिलात तर फारच चांगलं. घरच्यांनाही घेऊन जा.

---

प्रश्न : वैमानिक आरोही पंडितबद्दल वाचल्यापासून विमानाचा ध्यास लागलाय. मैत्रिणी म्हणतात, लायसन्स मिळालं की आम्हा तिघींना घेऊन नेपाळला चल. विमानात चार जागा असतात, मग चौघी का नाही जाऊ शकत? आमच्या क्लासमधले सर म्हणाले, नाही जमणार.
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : सर बरोबर म्हणाले. का ते तू स्वतः मांडून बघ, म्हणजे कुणाच्या सांगण्यावर राहायला नको.

सेसना १७२ चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान ७६० च्या आसपास, प्रत्येक विमानाचा नेमका आकडा त्याच्या कागदावर असतो. उरले ३९७. टाकी पूर्ण भरली तर २०० लिटर, आणि ॲव्हगॅस लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १४४. उरले २५३. पंचाहत्तर किलोंच्या चार व्यक्ती म्हणजे ३००. झाले सत्तेचाळीस किलो जास्त, आणि अजून एकही बॅग ठेवलेली नाही. सत्तेचाळीस किलो कमी करायचे तर पासष्ट लिटर इंधन काढावं लागेल, म्हणजे जवळजवळ दोन तासांची वाट गेली. दोघी गेलात तर सामान, पाणी, पूर्ण टाकी, सगळं बसतं. तिघी जेमतेम.

वजन किती एवढंच पाहून भागत नाही, ते कुठे आहे हेही पाहायचं. मागे जास्त सामान रचलं की विमान शेपटीकडे जड होतं आणि वेग कमी झाल्यावर नाक खाली आणणं अवघड जातं. प्रत्येक बॅग काट्यावर ठेव. अंदाज करू नकोस.

आणि आपल्या गावची एक गोष्ट तुला सांगते, ती पुस्तकात सापडणार नाही. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी तिथे ४० अंश असतं. हवा तापली की विरळ होते, आणि दर अंशामागे साधारण १२० फूट उंची वाढल्यासारखी होते. २९ अंशांचे झाले साडेतीन हजार. दोन हजारांत मिळव. साडेपाच हजार फूट. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे ५,४०० फूट. एप्रिलच्या दुपारी ओझरच्या धावपट्टीवर उभं असलेलं तुझं विमान कळसूबाईच्या माथ्यावर उभं असल्यासारखं वागतं. पंख्याला हवा कमी, पंखांना हवा कमी, इंजिनाला हवा कमी. ओझरची धावपट्टी ३ किलोमीटरची आहे म्हणून जमीन सुटेल, पण पुढची चढण फार मंद असेल. काठमांडू तर मुळातच साडेचार हजार फुटांच्या आसपास आणि चहूबाजूंनी डोंगर. पहिल्या परदेशवारीला ते निवडू नकोस.

आरोही पंडितने २०१९ मध्ये हलक्या स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला तेव्हा स्कॉटलंडहून थेट कॅनडा गाठला नव्हता. आइसलंड आणि ग्रीनलंडला उतरत गेली. तिच्या त्या प्रवासातलं हे तुकडे पाडणं तू नीट अभ्यास. आणि नाशिकहून निघताना देवळालीच्या तोफखान्याच्या सरावाची हद्द आणि गांधीनगरची लष्करी हेलिकॉप्टरं नकाशावर पहिल्याच दिवशी रंगवून ठेव. नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या ताज्या सूचना, रोज वाचायची सवय आत्तापासून लाव, लायसन्स नंतर येऊ दे.

---

प्रश्न : ओझरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली, मिगपासून सुखोईपर्यंत. आता पुतण्याच्या छोट्या विमानाचं बघतो. लांबच्या प्रवासाला बरोबर कोणते सुटे भाग द्यावेत?
— एक निवृत्त तंत्रज्ञ, ओझर टाउनशिप

उत्तर : हे तुम्हीच मला शिकवावं, पण विचारलंत म्हणून सांगते. पहिल्या स्थानावर स्पार्क प्लग. चार सिलिंडरच्या या इंजिनात दोन मॅग्नेटो (प्लगना ठिणगीची वीज देणारी यंत्रं) आणि आठ प्लग असतात, त्यातले निदान दोन जास्तीचे द्या, आणि ते काढायचा पाना. मग टायरची ट्यूब, इंजिनाचं तेल, सेफ्टी वायर, टाय-डाउनचे दोर.

प्लगवरून १९३० सालची हकीकत आठवते. आगाखानांनी इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान प्लगअभावी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याकडचा जास्तीचा प्लग देऊन टाकला. शर्यत अस्पींनी जिंकली, आणि पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींच्या मोठेपणाबद्दल ही गोष्ट नेहमी सांगतात. मला त्यातलं आणखी एक दिसतं : त्यांच्याकडे द्यायला जास्तीचा प्लग होता. वजनाचा ग्रॅमन् ग्रॅम मोजायच्या त्या काळात त्यांनी तो बरोबर घेतला होता.

पुतण्या परदेशी जाणार असेल, तर पुढची तपासणी किती तासांवर येते ते लॉगबुकात पाहा. बाहेर असताना ती उलटली तर विमान तिथेच उभं राहतं. जाऊन येऊन लागणारे तास अधिक दहा, एवढी जागा शिल्लक असेल तरच पाठवा.

---

प्रश्न : मावसभावाने अमेरिकेहून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणलंय. समुद्रावरून उडताना ते बरोबर ठेवलं तर चालेल ना?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : चालणार नाही. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन आणि असली मेसेजची यंत्रं जवळ ठेवता येत नाहीत. परदेशातून आलेल्या साध्या गिर्यारोहकांनाही विमानतळावर यासाठी ताब्यात घेतलेलं आहे. परदेशी मासिकांत ते प्रत्येक वैमानिकाने घ्यावं असं लिहिलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगते. भावाला परत पाठवायला द्या.

त्याऐवजी विमानातला ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघात झाला तर संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, चालू स्थितीत आहे का, बॅटरीची तारीख उलटली नाही ना, हे पाहा. जुने १२१.५ वाले ईएलटी उपग्रह २००९ च्या फेब्रुवारीपासून ऐकत नाहीत. ते फक्त जवळून जाणाऱ्या विमानाला ऐकू येतात. ४०६ चा संदेश उपग्रहावरून बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात पोचतो आणि तिथून बचाव केंद्राला. पण त्या केंद्राकडे तुमच्या यंत्राची नोंदणी झालेली असली पाहिजे. नोंदणी नसेल, तर कुठलं विमान, कुणाचं, किती माणसं, हे शोधण्यात पहिला तास जातो.

नोंदणीच्या अर्जात संपर्कासाठी एक फोन नंबर मागतात. तिथे बरेच जण वैमानिकाचा स्वतःचाच नंबर लिहितात, आणि तो फोन त्या वेळी विमानात असतो. जमिनीवरच्या माणसाचा लिहा, रात्री दोनला उचलणारा. पिंपळगावच्या दादा, मामांच्या विमानाच्या अर्जात कोणता नंबर आहे, तेही या रविवारी बघून घ्या.